पान तीनवरचं लग्न

दैवशालाचं लग्न ठरल्याची बातमी दैवशालाला सकाळी साडेसात वाजता, वसतिगृहाच्या नळावर दात घासताना, वडिलांच्या फोनवरून कळली.

"पोरी, लगीन ठरलं का गं तुझं?" केदारखेड्याहून भागवतराव विचारत होते.

"बाबा, माझं लगीन ठरलं असतं तर तुमालाच आधी माहीत असतं ना!"

"मीबी सगळ्यांला तेच सांगून राह्यलो. पण तुमच्या कॉलेजच्या पेपरात छापून आलंय म्हनं. गावच्या ग्रुपवर पडलंय. तुझा आबारावकाका तर भोकरदनला मंगल कार्यालय बघायला गेला."

दैवशालाने तोंडातला फेस थुंकून मोबाइल उघडला. विद्यापीठाच्या नर्सिंग महाविद्यालयाचं वर्षाखेरचं वार्तापत्र रात्रीच सगळ्यांना पाठवलं होतं. पान तीनवर दोन चौकटी होत्या. वरच्या चौकटीत 'कु. मीना हिने तृतीय वर्षाच्या परीक्षेत विद्यापीठात प्रथम येऊन महाविद्यालयाच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला', आणि खालच्या चौकटीत 'कु. दैवशाला हिचा विवाह निश्चित झाला असून येत्या मे महिन्यात ती बोहल्यावर चढणार आहे. तिला सुखी संसारासाठी शुभेच्छा!'

पहिली आली होती दैवशाला. लग्न ठरलं होतं मीनाचं, टेंभुर्णीच्या शिवशंकरशी. दोघी एकाच खोलीत राहायच्या, एकाच बादलीत कपडे भिजवायच्या, पण म्हणून नशीब असं अदलाबदल व्हावं?

आणि हा नुसता छापण्याचा घोळ नव्हता. पहिली आल्यावर भागवतरावांनी शब्द दिला होता, पुढचं शिक्षण होईपर्यंत घरात लग्नाचा विषय निघणार नाही. आबारावकाकांना तो शब्द पहिल्यापासून पटला नव्हता. "छापून आलंच हाये तर आता एखादा पोरगा बघून उरकूनच टाकू, बदनामी तरी टळंल," असं त्यांनी मंगल कार्यालयाच्या दारातून फोन करून सांगितलं, तेव्हा दैवशालाने ब्रश बाजूला ठेवला आणि तशीच ऑफिसात गेली.

वार्तापत्र जुळवणारे राजानंद क्लार्क संगणकासमोर मान खाली घालून बसले होते. "नावं बराबर होती," ते म्हणाले. "फोटो जरा इकडचा तिकडं करायला गेलो, तर नावंबी हलली."

"मंग परत हलवा ना."

"मॅडमला विचारा. कुलगुरूंच्या ऑफिसला गेलंय ते. आता माझ्या हातात काय न्हाई."

प्राचार्या इंद्रायणी मॅडम सभागृहात खुर्च्या मोजत होत्या. अकरा वाजता वार्षिक समारंभ होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चूक झाली, मान्य आहे. पुढच्या वर्षीच्या अंकात दुरुस्ती देऊ."

"पुढच्या वर्षी? मॅडम, मे महिना पुढच्या आठवड्यात लागून राह्यला!"

"आज पाहुण्यांसमोर गोंधळ नको. त्यांच्या हातात अंक दिलेला आहे. अंकाप्रमाणेच सत्कार होतील. मीनाला स्मृतिचिन्ह, तुझी ओटी भरायची. दोन मिनिटांचा प्रश्न आहे. खाली उतरल्यावर दोघी बदलून घ्या."

"अन् लगीनबी खाली उतरूनच बदलून घ्यायचं का?"

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. दैवशाला मात्र जागची हलली नाही. "मॅडम, वॉर्डात एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्याला टोचलं, तर तुम्ही काय म्हणाल? पुढच्या वर्षी दुरुस्त करू?"

"आवाज खाली."

"मी ओटी घेणार न्हाई."

"मग कार्यक्रमाला येऊच नकोस," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्या खुर्चीपासून मोजायला लागल्या.

दैवशाला खोलीवर आली तर मीना आरशासमोर साडीच्या निऱ्या धरून उभी होती. "चल, दोघी मिळून जाऊ मॅडमकडं," दैवशाला म्हणाली. "दोघींनी सांगितलं तर ऐकावंच लागंल."

मीनाच्या हातातून निऱ्या सुटल्या. "दैवे, राहू दे ना गं तसंच."

"काय राहू दे?"

"सकाळी आत्याबाईचा फोन आल्ता." आत्याबाई म्हणजे तिच्या होणाऱ्या सासूबाई, नंदाबाई. "महिनाभर एकच म्हणून राह्यल्या होत्या, लगीन झाल्यावर नोकरी बिलकुल न्हाई. अन् आज म्हणल्या, विद्यापीठात पहिली आलेली सून म्या घरात बसवून काय करू? नोकरीबी कर म्हणल्या. कार्यक्रमालाबी येऊन राह्यल्यात." मीनाचे डोळे भरले. "तुला काय, तू परत येशील पहिली. मला एवढी एकच बारी भेटली."

आता मात्र दैवशाला खाटेवर बसली. इकडे तिचं शिक्षण, तिकडे मैत्रिणीची नोकरी. मीनाचं रडणं खरं होतं. आबारावकाकांनी बघितलेलं मंगल कार्यालयही खरंच होतं. मग उठून तिने मीनाच्या निऱ्या नीट घालून दिल्या, पिन लावली आणि म्हणाली, "मीने, नोकरी मागायची तर तुझ्या नावावर माग. माझ्या नावावर किती दिवस करशील?"

"तू सांगणार का तिथं?"

"सांगणार."

मीनाने तोंड फिरवलं. दोघी सभागृहात गेल्या त्या एकमेकींशी न बोलता.

सभागृह गच्च भरलं होतं. पंखे नुसतेच आवाज करत होते. पहिल्या रांगेत हिरव्या काठाचं लुगडं नेसलेल्या नंदाबाई अंकाची सुरळी करून वारा घेत होत्या. मागे, सकाळीच केदारखेड्याहून निघून आलेले भागवतराव कुठल्याशा खांबाआड उभे होते. स्वागत झालं, दीपप्रज्वलन झालं, अहवाल वाचून झाला. मग राजानंदांनी पुकारलं, "विद्यापीठात प्रथम, कुमारी मीना!"

टाळ्या पडल्या. मीना उठेना. नंदाबाई मागे वळून "ऊठ गं, जल्दी!" म्हणाल्या. मीना उभी राहिली, आणि तिच्या बाजूला दैवशालाही. मॅडमनी व्यासपीठावरूनच मान हलवून नको, नको अशी खूण केली. दैवशालाने ती पाहिली आणि सरळ पायऱ्या चढली. राजानंदांनी ध्वनिक्षेपक स्वतःहून तिच्या हातात दिला. त्यांनाही सकाळपासून तेच हवं होतं की काय, कोण जाणे.

"पान तीनवर चूक झालीये," दैवशाला म्हणाली. "पहिली मी आले. मी दैवशाला, भागवतरावांची लेक. माझं लगीन ठरलेलं न्हाई, अन् मी ठरवल्याशिवाय ठरणारबी न्हाई. कुणी कार्यालय बघत असंल तर माघारी या."

मग खांबाआडून एकट्या भागवतरावांनी टाळी वाजवली. ते पाहून मागच्या रांगेतल्या पोरींनी वाजवली, आणि मग पाहुण्यांनीही वाजवली, कारण पाहुण्यांना नेमकं कशाला वाजवायचं हे कधीच ठाऊक नसतं.

मीना अजून खुर्चीजवळच उभी होती. ती तिथूनच बोलली. "आत्याबाई, मी पहिली न्हाई. मी एकविसावी आले. पण पास झाले, अन् नोकरी मी करणार. पटत नसंल तर शिवशंकरला आत्ताच सांगा."

सगळ्या माना नंदाबाईंकडे वळल्या. इंद्रायणी मॅडमनी डोळे मिटून घेतले. नंदाबाईंनी अंकाची सुरळी उलगडली, पान तीन काढलं, लांब धरून पाहिलं आणि परत मिटलं.

"एकविसावी?"

"हो."

"अन् सकाळपासून अख्ख्या टेंभुर्णीत म्या पहिली म्हणून पेढे वाटलेत, ते काय घरोघर जाऊन वापस मागू?"

उत्तराची वाट न बघता नंदाबाईंनी पुढे विचारलं,

"शेवटच्या वर्साची परीक्षा बाकी हाये ना?"

"जूनमध्ये हाये."

"मंग ये पहिली! लगीन दिवाळीनंतर. नोकरी त्याच्यापुढं कर. तोवर पुस्तकातून डोकं वर काढलंस तर बघ." मग त्यांनी व्यासपीठाकडे मान वर केली आणि आवाज बराच मऊ केला. "अन् तू गं माय, येवढी बारी परीक्षेच्या पेपरात जरा कमी लिही."

"बिलकुल न्हाई, मावशी," दैवशाला ध्वनिक्षेपकातूनच म्हणाली.