घोगरीचं गाव

आईची सत्तरी पूर्ण झाली म्हणून तिला कुठंतरी फिरवून आणायचं असं मास्तरांनी ठरवलं आणि जेवताना विचारलं, "आई, तुला सगळ्यात जास्त कुठं जावंसं वाटतं?"

आईनं घास गिळायच्या आधीच एका गावाचं नाव सांगितलं. मास्तरांनी ते फोनवर शोधलं, नकाशा मोठा करकरून पाहिला. एक बसस्टँड, एक बँक, एक खताचं गोदाम. संपलं गाव.

"काय आहे तिथं?"

"घोगरी आहे."

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एकतीस वर्षं तिनं लोकांना गावोगावी जोडून दिलं, स्वतः मात्र कुठं गेली नाही. त्या गावच्या एक्स्चेंजमध्ये घोगऱ्या आवाजाची एक बाई होती. काम नसलं की दोघी बोलायच्या. एकमेकींचं तोंड मात्र कधी पाहिलं नव्हतं.

"अगं, ती असेल का अजून तिथं? आणि सहल म्हटलं की काहीतरी बघण्यासारखं नको का?"

"बरं," आई म्हणाली. आईचं 'बरं' म्हणजे विषय संपला, असं मास्तर जन्मभर समजत आले होते.

मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि वेळापत्रकही तेच लावायचे. थंड हवेच्या ठिकाणाची तीन दिवसांची सहल त्यांनी मिनिटामिनिटानं आखली. सूर्यास्त सहा बावीसला होता. सूर्यानं उशीर केला असता तर मास्तरांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

दहा चाळीसला बस चहाला थांबली, दहा पंचावन्नला सुटली. पुढच्या सीटवर आईची शाल दिसत होती, म्हणून मास्तर निर्धास्त होते. अर्ध्या तासानं त्यांची बायको पुढं वाकून म्हणाली, "अहो, शाल आहे. आई कुठायत?"

मास्तरांनी फोन लावला.

"आई, कुठं आहेस तू?"

"बसमध्ये."

"बसमध्ये तर आम्ही आहोत!"

"मग छान झालं की."

"अगं, कुठल्या बसमध्ये?"

"पांढऱ्या. खिडकी मिळालीय."

"कंडक्टरला दे फोन!"

कंडक्टरनं गावाचं नाव सांगितलं. तेच नाव.

"आई, आत्ताच्या आत्ता उतर!"

"चालत्या गाडीतून? या वयात? चल, तीन मिनिटं झाली, ठेवते." तीन-तीन मिनिटांच्या ट्रंक कॉलची सवय. तिनं खरंच ठेवला.

मास्तर, बायको, तीन बॅगा आणि एक शाल असे सगळे पुढच्या फाट्यावर उतरले. तासभर एकही गाडी आली नाही. शेवटी गाद्या पोचवणाऱ्या एका टेम्पोवाल्याला दया आली. बायको गाद्यांच्या थप्पीवर झकास झोपली. मास्तरांना मात्र गादीसुद्धा टोचत होती. आईला काय काय सुनावायचं, ते मनात घोळवत ते बसून राहिले.

गावात पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की घोगरीचं खरं नाव आपल्याला ठाऊकच नाही.

"टेलिफोनवाल्या बाई?" पंक्चर काढणारा म्हणाला. "मघाशी एक आजीही त्यांनाच विचारत आल्या. बँकेच्या मागचं घर."

घराचं दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत आई एकटीच खुर्चीवर बसून, भिंतीकडं तोंड करून हसत, बोलत होती. भिंतीपलीकडून, स्वयंपाकघरातून, वाळूतून ओढल्यासारखा एक आवाज तिला उत्तर देत होता.

"आई, हे काय?"

"अरे, समोरासमोर बसलो तर दोघींना काही सुचेचना. नुसत्या एकमेकींच्या चपला बघत बसलो. मग ही पाणी आणायला आत गेली आणि तिथून म्हणाली, 'कोण बोलतंय?' तेव्हा कुठं सुरू झालो."

"आणि आम्ही इकडं जीव मुठीत धरून—"

"लेक आला वाटतं!" आतून आवाज आला. "गोवरवाला ना?"

ओले हात पुसत एक ठेंगणी म्हातारी दारात आली आणि मास्तरांना निरखू लागली.

"गोवर निघाला तेव्हा तुझी आई रडायची रे माझ्याजवळ. तुझा पहिला दात पडला, तू गणितात नापास झालास..."

"गणितात?" बायकोनं मान वळवली.

"दोनदा," घोगरी म्हणाली. "आणि एकदा आईनं तुला कामावर आणलं होतं, तेव्हा आपण बोललोय. तू विचारलंस, 'तू कुठं असतेस?' मी म्हटलं, खूप लांब. तर म्हणालास, 'मग लवकर निघ आणि जेवायला ये.' आठवतं?"

मास्तरांना आठवत नव्हतं. टेम्पोत जुळवलेलं एकही वाक्य आठवत नव्हतं. समोर ती दोन डोळे लावून उत्तराची वाट बघत होती. ते वळले, ओसरीवर गेले आणि दाराकडं पाठ करून पायरीवर बसले.

"मावशी, ऐकू येतंय का?"

"स्वच्छ येतंय."

मास्तरांनी घसा खाकरला. "जरा उशीर झाला विचारायला. पण... जेवायला कधी येताय?"

आतून घोगरा आवाज आणखी घोगरा होऊन आला,

"आज तर तुम्हीच आलात. हात धुवून घ्या."