मास्तरांचं डोकं चार बोटं वर

"मास्तर, ताठ बसा," तपासनीस म्हणाले.

"ताठच बसलोय."

"मग जरा वाका."

"आत्ता तर ताठ म्हणालात!"

"तेव्हा मला वाटलं होतं, ताठ बसून भागेल," तपासनिसांनी शांतपणे सांगितलं आणि हातातली लांब लाकडी पट्टी पुन्हा एकदा गाडीवर आडवी धरली.

गाडी होती उघडी, टपाशिवायची, लालभडक स्पोर्ट्‌स कार. अस्सल नव्हे हं, अस्सलची नक्कल. इंजिन एका जुन्या गाडीचं, बॉडी फायबरची आणि बाकी सगळं टेलर मास्तरांच्या हातचं. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे कोट शिवण्यात गेली आणि त्यानंतर दुकानामागच्या गॅरेजात सहा वर्षं ही गाडी शिवण्यात गेली. शिवण्यात म्हणजे शब्दशः. सीटवरची दुहेरी टीप पाहून क्लबातल्या लोकांनी तोंडात बोटं घातली होती.

आता प्रश्न एकच होता. उघड्या गाडीवाल्यांचा क्लब वर्षातून एकदा शर्यतीचा ट्रॅक भाड्याने घेई आणि प्रत्येकाला तीन फेऱ्या मारू देई. यंदा तो दिवस येत्या रविवारी होता. पासष्टी उलटलेल्या ड्रायव्हरला ट्रॅकवर घेत नसत आणि मास्तरांना पासष्ट पूर्ण व्हायला उरले होते दोन महिने. म्हणजे हा रविवार हुकला की सहा वर्षांची तपश्चर्या गॅरेजातच धूळ खाणार.

क्लबाने गाड्या तपासायला तपासनीस पाठवले होते आणि रविवार अडला होता रोल बारवर. ड्रायव्हरच्या पाठीमागे पोलादी नळीची एक कमान उभी असते, तिला रोल बार म्हणतात. गाडी उलटलीच, तर भार त्या कमानीवर यावा, माणसाच्या डोक्यावर येऊ नये, एवढंच तिचं काम. ती बरोबर आहे की नाही हे पाहायची रीतही सोपी. कमानीच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत पट्टी धरायची आणि हेल्मेट घातलेलं डोकं त्या पट्टीच्या खाली राहिलं पाहिजे.

मास्तरांचं डोकं पट्टीच्या चार बोटं वर होतं.

"म्हणजे गाडी उलटली," तपासनीस म्हणाले, "तर तुमच्या कमानीला डोकं वाचवायचं काम राहणार नाही. डोकंच कमानीला वाचवेल."

मास्तरीणबाई दारात उभ्या होत्या. त्या फिस्सकन हसल्या. मास्तरांनी रागाने पाहिलं, पण हेल्मेटमधून ते कोणाला दिसलं नाही.

तोडगा निघाला, गादी काढायची. ती दुहेरी टीपवाली गादी मास्तरांनी स्वतःच्या हातांनी उसवली. दोन बोटं कमी झाली. मग सीटखालचे रूळ काढले आणि सीट सरळ तळाच्या पत्र्यावर ठेवली. मास्तर आत उतरले, उतरतच गेले. पट्टी डोक्यावरून अलगद पार झाली.

"झालं!" आतून आवाज आला.

"समोर काय दिसतंय?" तपासनिसांनी विचारलं.

"स्टिअरिंग."

"आणि स्टिअरिंगच्या पलीकडे?"

मास्तरांनी मान ताणून पाहिलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. कपडा उद्या मिळेल, हे सोडून.

"ट्यूबलाइट," ते म्हणाले.

"ट्रॅक त्याच्या बराच खाली असतो," तपासनीस म्हणाले. "शनिवारी संध्याकाळी परत येतो. डोकं लहान होणार नाही, तेव्हा कमान मोठी करा. पण एक सांगतो, नळीला जोड देऊन उंची वाढवायची नाही. जोड म्हणजे ठिगळ. ऐन वेळी तिथेच उसवतं."

शिंप्याला हे वेगळं सांगायला नको होतं. मास्तरांनी लगेच मेहुण्याला फोन लावला. मेहुणा म्हणजे मास्तरीणबाईंचा धाकटा भाऊ, वेल्डर. माणूस कामाला वाघ, पण हाताला अंदाज कमी.

"दाजी, किती उंच हवी?"

"सहा बोटं वाढव."

"बोटं कोणाची? तुमची की माझी?"

"कोणाचीही! अरे, तुझ्या ताईच्या नवऱ्याच्या डोक्याचा प्रश्न आहे."

हे ऐकून मेहुणा भावुक झाला. ताईच्या कुंकवाचा प्रश्न म्हटल्यावर बोटं कसली मोजायची? शनिवारी सकाळी तो नवी कमान घेऊन आला ती जुनीपेक्षा चांगली दीड वीत उंच. जुनी कमान बोल्ट काढून उतरवली, नवी तिच्या जागी कसली. मास्तर पुन्हा शिवून रुळांवर चढवलेल्या गादीवर ऐटीत बसले, हेल्मेट घातलं. पट्टी डोक्यावरून गेली आणि वर जागा उरली.

"आता गाडी उलटली काय, पालटली काय," मेहुणा म्हणाला, "दाजी आत बसून पेपर वाचतील!"

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी इंजिन सुरू केलं. सहा वर्षांत पहिल्यांदा गाडी स्वतःच्या चाकांवर उजेडात निघाली आणि दोन हात पुढे जाऊन ठण्णकन थांबली.

नवी कमान गॅरेजच्या बुटक्या शटरच्या चौकटीला टेकली होती.

"नाकापेक्षा मोती जड," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तू गप्प बस."

गॅरेज भाड्याचं, चौकट मालकाची. तोडायची सोय नव्हती. कमान बाहेर नेऊन कसावी, तर बोल्ट गाडीच्या खालून आणि खाली शिरायचा खड्डा गॅरेजातच. टायरांतली हवा सोडली, गाडी दोन बोटं बसली. अजून एक बोट हवं होतं. मेहुणा म्हणाला, वजन टाकू. तो स्वतः मागे बसला, शेजारचा न्हावी पुढे बसला, न्हाव्याच्या दुकानातलं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही काय चाललंय ते बघायला येऊन बसलं. कमान बरोबर चौकटीखाली आली. इंजिन लावलं तर बसलेले टायर फाटतील, म्हणून गाडी ढकलायची ठरली.

"ढकला!" मेहुणा ओरडला.

"कोण ढकलणार?" मास्तर म्हणाले. "ढकलणारे सगळे आत बसलेत."

एकटे मास्तर ढकलू लागले. बसलेल्या टायरांवर तीन धष्टपुष्ट माणसं, गाडी काही तसूभर हलेना. ढकलायला म्हणून न्हावी उतरला की गाडी वर, कमान चौकटीत. न्हावी बसला की गाडी खाली, पण जागची हलेना. असं पाऊण तास चाललं. शेवटी अर्ध्या दाढीवाला म्हणाला, "मला साबण सुकून आग होतेय," आणि निघून गेला.

मास्तर दुकानात जाऊन शिलाई मशीनपुढे बसले. मशीन चालवली नाही, नुसते बसले. गॅरेजात मेहुण्याने मुकाट्याने नवी कमान उतरवली आणि जुनी पुन्हा बसवली, निदान गाडी मागे-पुढे करता यावी म्हणून.

संध्याकाळी तपासनीस ठरल्याप्रमाणे आले. गाडीभोवती फिरले, बोल्ट हलवून पाहिले, पट्टी काढली.

"कोणीतरी बसा आत," ते म्हणाले.

मास्तरीणबाई जाऊन बसल्या. त्यात विशेष काही नव्हतं. सहा वर्षं गॅरेजातून "अगं, जरा बस इथं" अशी हाक आली की त्या हातातलं काम टाकून येऊन बसत. मास्तरांचा हिशेब असा, की माप घेणारा वेगळा आणि माप देणारा वेगळा. टेप दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. मग सीट किती उंच, पेडल किती लांब, स्टिअरिंग कुठे, कमान कुठवर, सगळं ठरलं ते बाईंना बसवून. आणि बाईंची उंची पाच फूट. मास्तर सहा फूट एक इंच. गाडीत बसलं की त्यांचे गुडघे स्टिअरिंगला लागत. स्पोर्ट्‌स कार अशी आखूडच असते, अशी त्यांची समजूत. डोकं तर उघड्या गाडीत कशालाच लागत नव्हतं, त्यामुळे त्याचा विचार कोणी केला नव्हता.

बाईंनी हेल्मेट घातलं. पट्टी वरून पार झाली. पाय पेडलवर नेमके. नजर काचेतून सरळ.

"पास," तपासनीस म्हणाले आणि कागद काढला. "ड्रायव्हरचं नाव काय लिहू?"

दुकानातून आलेले मास्तर दारात उभे होते.

"ही?" ते म्हणाले. "अहो, ही दुकानाची व्हॅन चालवते!"

"किती वर्षं?"

"वीस."

"एखादा अपघात?"

"नाही."

"मग यांच्यापेक्षा चांगला ड्रायव्हर मला उद्या मिळणार नाही."

"मला नाही जायचं," बाई हेल्मेट काढत म्हणाल्या. "गाडी ह्यांची आहे. मी बसले नुसती."

मास्तरांनी गाडीकडे पाहिलं. कोट शिवून तयार आहे आणि अंगात घालणारा मात्र दुसराच, हे त्यांनी आयुष्यात कधी होऊ दिलं नव्हतं. पण शिवलेलं खुंटीला टांगून ठेवायचं, हेही त्यांना कधी जमलं नव्हतं.

"तीच जाईल," ते म्हणाले. "लिहा."

रविवारी मास्तर ट्रॅकच्या कुंपणाबाहेर उभे राहिले. बाकीच्या गाड्या सूं करून जात होत्या. मास्तरीणबाई निघाल्या त्या व्हॅनमध्ये गणवेशांचे गठ्ठे असावेत अशा बेताने. प्रत्येक वळणाआधी त्यांनी हात बाहेर काढून खूण केली. लोक हसले. पहिल्या फेरीत मास्तरांनी मान खाली घातली होती. दुसऱ्या फेरीत कोणीतरी म्हणालं, "म्हातारी सुरेख वळवते हो!" तशी त्यांनी मान वर केली. त्यांची लाल गाडी उन्हात पळत होती. चाकं, बॉडी, कमान, सगळं एकदम दिसत होतं. ती आतून अशी कधीच दिसली नसती. तिसऱ्या फेरीत सरळ रस्ता लागताच बाईंनी अशी काही गाडी सोडली, की मास्तरांनी कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी गच्च धरली आणि "अगं ए, सावकाश!" म्हणून ओरडले. ओरडून झाल्यावर मात्र ते मोठ्याने हसत सुटले.

बाई थांबल्या. हेल्मेट काढलं. गाल लाल झाले होते.

"वहिनी, वय काय तुमचं?" तपासनिसांनी कागदावर सही करत विचारलं.

"अठ्ठावन्न."

"म्हणजे अजून सात वर्षं येऊ शकता."

बाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. नको म्हणतील, असं मास्तरांना वाटलं.

"येईन की," बाई म्हणाल्या. "पण अहो, तो बेल्टचा पट्टा मानेला काचतो हो."

"सहा वर्षं बसत होतीस, तेव्हा नाही सांगितलंस!"

"तेव्हा मला कुठे माहीत होतं, गाडी माझी आहे म्हणून?"

मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढून कानावर खोचली आणि गिऱ्हाइकापुढे वाकावं तसे गाडीपाशी वाकले.

"किती खाली घेऊ?"