मोकल सरांचं इज आणि आर

धाटावच्या ज्या कारखान्यात मोकल सर ऑपरेटर आहेत, तिथे गेटवर एकदा इंग्रजी पाटी लागली : 'ऑल वर्कर्स इज रिक्वेस्टेड टू वेअर हेल्मेट.' सर हेल्मेट काखेत धरून गेटवरच उभे राहिले. 'इज' लिहिलंय म्हणजे कामगार एकच हाय. तो कोण, त्याला बोलवा, म्हणाले. सुपरवायझरने त्यांना घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी 'इज'वर कागद चिकटवून 'आर' लिहिलेलं होतं. सरांनी ते दोनदा वाचलं, हेल्मेट घातलं आणि आत गेले.

हेच सर पहिली शिफ्ट संपली की मोटरसायकलवरून पेणला यायचे आणि रामवाडीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत, आम्हा स्पर्धा परीक्षावाल्यांना इंग्रजी व्याकरण शिकवायचे. वर्गात सगळ्यांत मोठी मी. बाकीचे बावीस-तेवीसचे, मी सदतीसची. माझी मुलगी नववीत. पहिल्या दिवशी मला कुणाचीतरी आई समजून एकाने खुर्ची दिली. मीही मुकाट बसले. वयाची अट बघता लिपिकाची ही माझी शेवटचीच परीक्षा होती.

कर्ता आणि क्रियापद जुळवण्यात माझी बोंब होती. मध्ये चार शब्द आले की मी वाट चुकायची. सर फळ्यावर खडू आपटायचे. "मधल्या गर्दीत कशाला घुसतेस गो? कर्ता धर! 'द ग्रूम, अलाँग विथ हिज फ्रेंड्स' – पुढे काय?"

"आर," मी म्हणायची.

"मग त्या सगळ्यांना हार घालशील? वऱ्हाड कितीपण असू दे, लग्न एकाचंच. इज!"

'न्यूज'च्या शेवटी एस बघून मी अनेकवचन केलं, तेव्हा म्हणाले, "शेपटी बघून जनावर ओळखू नको." 'नायदर-नॉर'मध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याचं ऐकतं, कारण? "शेजारी राहायचंय ना त्याला!"

हे सगळं माझ्या अंगात इतकं भिनलं, की नवऱ्याने "जेवण झालं का?" विचारलं तर मी म्हणायची, "आधी कर्ता कोण ते सांगा."

"कर्ता मी हाय," तो म्हणाला, "आणि मघापासून उपाशी हाय."

परीक्षेत खरोखर एक वाक्य आलं : एक शिक्षक, अलाँग विथ त्याचे विद्यार्थी. मला वऱ्हाड आठवलं आणि मी मोठ्याने हसले. पर्यवेक्षक बाई येऊन माझी रफ शीट उलटीपालटी करून गेल्या. व्याकरणाचे सगळे प्रश्न बरोबर आले. पण गणितात दोन नळांनी टाकी किती वेळात भरते, हे काढता काढता वेळच संपला. टाकी अजून भरतेच आहे. यादीत माझं नाव नव्हतं.

पंधरा दिवस मी सरांना तोंड दाखवलं नाही. मग वाटलं, निदान सांगून तरी यावं. रविवारी पोह्यांचे पापड घेतले आणि एसटीने रोह्याला त्यांच्या घरी गेले.

पडवीत सर वाल सोलत बसले होते. शेजारी खुर्चीवर त्यांची बायको. एक हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा. मला बघून ती सावकाश म्हणाली, "पाहुणी... आला."

मी सरांकडे बघितलं. पाटीवरच्या 'इज'साठी घरी परत गेलेला माणूस हा.

"व्हय, आला," सर म्हणाले.

"चहा... केली?"

"केली, केली. आणतो." ते उठले.

मी कप आणण्याच्या निमित्ताने त्यांच्यामागे आत गेले. पातेल्यात बघत सर हळू आवाजात म्हणाले, "गेल्या वर्षी झटका आला तिला. चार महिने शब्द नाय. मग बोलायला लागली, तर मी मेला शहाणा, एकदा सुधारलं. दोन दिवस गप्प बसली ती." त्यांनी चहा गाळला. "तिने बोलत राहायला पायजे. बास."

बाहेर येऊन मी काकींच्या शेजारी बसले. सरांनी घरी माझ्याबद्दल सांगितलं असावं. काकींनी माझ्याकडे बघून, एकेक शब्द जमवत विचारलं, "परीक्षा... कसा गेला?"

पुन्हा वाल सोलायला बसलेल्या सरांचे हात थांबले. त्यांनाही ते ऐकायचंच होतं.

"चांगला गेला, काकी," मी म्हणाले. "थोडा राहिला."

काकींनी चांगल्या हाताने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. सरांनी वालाचं ताट माझ्याही हाताला येईल असं मध्ये सरकवलं.