शेपटाची अनामत

आमच्या बार्शीत विमा पाली विकतात.

बाहेरगावच्या लोकांना हे सांगितलं की ते आधी माझ्याकडं बघतात आणि मग भिंतीकडं. त्यात बघण्यासारखं काय आहे, मला कळत नाही. माणूस एजंट दारात दिसला की घरचा धनी मागच्या दारानं शेतावर जातो. पालीला कोण चुकवणार? ती आधीपासून घरातच असते. रात्रीची जेवणं चाललेली असतात, घरची बाई भाकरी थापता थापता म्हणते, "यांना काही झालं म्हणजे आमचं कसं व्हायचं?" आणि नेमकी त्याच वेळी वर पाल चुकचुकते. पाल चुकचुकली की बोललेलं खरं होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सगळे जमिनीवर बोटानं टकटक करून "कृष्ण कृष्ण" म्हणतात. घास घशाखाली उतरत नाही. सकाळी दहाच्या आत धनी स्वतःच्या पायानं आमच्या एजन्सीत येऊन फॉर्म मागतो.

फॉर्म मी देते. मी मालन ठोंबरे, बारंगुळे विमा एजन्सीत बावीस वर्षं टेबलावर आहे. एजन्सी भानुदासअण्णा बारंगुळ्यांची. माणूस वाईट नाही, पण एकदा डोक्यात भरलं की ब्रह्मदेवालाही ऐकायचा नाही. एजन्सीकडं बारा पाली होत्या, सगळ्या स्वतंत्र एजंट. हजेरी नाही, गणवेश नाही. करार म्हणाल तर तोंडीच, म्हणजे अण्णा बोलायचे आणि त्या चुकचुकायच्या.

डिसेंबरात विभागीय कार्यालयाचं पत्र आलं. सर्व स्वतंत्र एजंटांशी एकतीस मार्च, सायंकाळी सहापर्यंत लेखी करार करावा. किमान एक वैध करार नसल्यास एजन्सी रद्द समजावी.

"मालनबाई, हात्तिच्या! करार माझ्याकडं तयार आहे," अण्णा म्हणाले आणि कपाटातून भाडेकराराची प्रत काढली. घर भाड्यानं देताना केलेली. मी म्हटलं, "अण्णा, भाडेकरू वेगळा आणि एजंट वेगळा." ते म्हणाले, "करार तो करार." मग त्यांनी 'भाडेकरू' खोडून तिथं 'पाल' लिहिलं. मुदत अकरा महिने तशीच राहिली. भिंतीला खिळे ठोकू नयेत, हेही तसंच राहिलं. नवीन कलम त्यांनी एकच घातलं: पाल ग्राहकाच्या अंगावर पडल्यास ती भेट धरली जाणार नाही.

राहता राहिली अनामत.

"अनामतीशिवाय करार म्हणजे मिठाशिवाय वरण," अण्णा म्हणाले. "पण घ्यायचं काय यांच्याकडून? यांच्याकडं आहे काय?" बराच वेळ विचार करून त्यांनी टेबलावर थाप मारली. "शेपूट!"

संक्रांतीच्या आठवड्यात करार झाले. पाली काही ऑफिसात येत नसत, म्हणून टेबल जिन्यात काढलं. त्या आत का येत नाहीत, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही. अण्णा एकेक कलम वाचायचे, पाल चुकचुकली की मी बरोबरची खूण करायची. अनामतीच्या कलमावर पालीनं शेपूट कागदावर टाकायचं आणि भिंतीवर चढायचं. अकरा पालींनी हूं की चूं न करता शेपटं टाकली. मला तेव्हाच खटकलं होतं. कोण इतक्या आनंदानं अनामत देतं? शेपटं बराच वेळ वळवळत होती, त्यामुळं पावत्या हलत होत्या.

बारावी आक्का. जिन्यातल्या ट्यूबलाइटमागं राहणारी, आमची सगळ्यात जुनी एजंट. आमच्या ह्यांचाही विमा तिनंच उतरवला होता. तिनं सगळी कलमं मान्य केली आणि अनामतीला गप्प बसली. अण्णांनी तीनदा वाचलं. ती ट्यूबलाइटची पट्टी धरून बसली.

"हिला शेपटाची घमेंड आलीय," अण्णा चिडून म्हणाले. "अकराजणी आहेत माझ्याकडं. हिचं नाव काढून टाका."

"अण्णा, जुनं माणूस आहे."

"नियम म्हणजे नियम."

मी नाव काढलं. त्या दिवशी मला भाकरी गोड लागली नाही.

शेपटं अण्णांनी फराळाच्या डब्यात, नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवली. शिमग्यापर्यंत अकराही जणींना नवी शेपटं फुटली, आणि नवं शेपूट फुटताच एकेक पाल रस्ता ओलांडून समोरच्या सुत्रावे एजन्सीत गेली. सुत्राव्यांनी दारावर पांढरे दिवे लावले होते. संध्याकाळी त्यांच्याकडं किडे असे पडत की चहाच्या कपावर बशी ठेवावी लागे. अण्णांनी डबा घेऊन सुत्राव्यांच्या दारात जाऊन विचारलं, "ही कुणाची शेपटं?" सुत्रावे शांतपणे म्हणाले, "आमच्याकडच्या सगळ्या एजंटांना शेपूट आहे. मोजून घ्या."

अण्णा परत आले ते खुर्चीत बसलेच. "मालनबाई, मला मामा बनवलं हो या पालींनी."

"तुम्हाला कुणी बनवलं नाही," मी म्हटलं. मला राग आवरेना. "परत उगवतं त्याची कसली अनामत घेता? उद्या नखं घ्याल, केस घ्याल! जिनं द्यायला नकार दिला तीच एक राहणार होती. तिचं नाव तुम्ही माझ्या हातानं कापलंत."

अण्णांनी माझं मुकाट ऐकून घेतलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

एकतीस मार्चला साडेचारला विभागीय कार्यालयातून कुलथे साहेब आले. किडकिडीत, काखेत फाइल, खिशात शिक्का. त्यांनी डबा उघडून अकरा शेपटं पाहिली, चिठ्ठ्या वाचल्या आणि झाकण लावलं.

"अनामत आहे, अनामतदार नाहीत. हे करार संपले," ते म्हणाले. "आणखी कुणी एजंट?"

अण्णा जिन्यात गेले. त्या माणसानं आजवर कुणापुढं मान तुकवली नव्हती, पण ट्यूबलाइटखाली उभं राहून ते म्हणाले, "आक्का, चुकलं माझं. अनामतीचं कलम काढलं. कागदावर काट मारून आणलीय, बघा."

आक्का चुकचुकली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. अण्णा धावत आत आले. "साहेब, झालं! मान्य आहे तिला."

"कुठे मान्य झालं?"

"जिन्यात."

साहेबांनी परिपत्रक काढलं. "करार कार्यालयात, माझ्यासमक्ष व्हायला हवा. जिना म्हणजे कार्यालय नव्हे. एजंटाला आत बोलवा."

बोलावलं. आक्का जिन्याच्या भिंतीवरून चौकटीपर्यंत आली आणि थांबली. अण्णांनी या म्हटलं, मी या म्हटलं. साहेबांनीही एकदा "या" म्हटलं. ती पाऊल टाकीना. पाच झाले, सव्वापाच झाले. एजन्सी गेली तर या वयात मला कोण उभं करतंय? ह्यांच्या मागं मी या टेबलाच्या आधारानं उभी राहिले होते. टेबलच गेलं तर मी काय करणार होते?

मी चौकटीपाशी गेले, आक्का जिथं बघत होती तिथं वर पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अण्णा! मोरपीस!"

दारावर मोरपिसांचा जुडगा होता. एजन्सी उघडली त्या दिवशी अण्णांच्या आईनं स्वतःच्या हातानं बांधलेला. ऑफिसात पाली येऊ नयेत म्हणून.

"बावीस वर्षं एजंटांची वाट आपणच अडवून बसलोय," मी म्हटलं. "काढा ते आधी."

अण्णांचा चेहरा उतरला. "आईच्या हातची गाठ आहे, मालनबाई. म्हातारी गेली, एवढंच राहिलंय." पाच चाळीस झाले होते. ते स्टुलावर चढले. गाठ सुटता सुटेना. मी कात्री पुढं केली, ती त्यांनी घेतली नाही. नखांनीच सोडवली. पिसं कागदात गुंडाळून त्यांनी घरी न्यायच्या पिशवीत, डब्याच्या शेजारी ठेवली, आणि पिशवी जिन्याखाली नेऊन ठेवली.

आक्का आत आली. चौकटीवरून भिंतीवर, भिंतीवरून टेबलाच्या काचेवर. येऊन करारावर बसली, अगदी अकरा महिन्यांच्या ओळीवर. साहेबांनी कलमं वाचली. खिळ्यांच्या कलमालासुद्धा ती चुकचुकली. शेवटी साहेब पेन थांबवून म्हणाले, "अनामत नाही. मग ही टिकेल याची हमी काय?"

अण्णांनी काट मारलेल्या कलमाकडं पाहिलं. "हमी कसली देऊ, साहेब? मला आपलं वाटतं, ही काही आता आम्हाला सोडून जायची नाही."

वर पंखा फिरत होता.

चुक् चुक् चुक्.

आम्ही तिघांनीही काचेवर बोटं टकटकवली. "कृष्ण कृष्ण." साहेबांनी हमीच्या रकान्यात 'प्राप्त' लिहिलं, शिक्का मारला आणि वेळ टाकली, पाच अठ्ठावन्न. शिक्का मारताना आक्का जरा बाजूला सरकली होती.

साहेब फाइल बांधून उठले. दारापर्यंत गेले आणि हसत म्हणाले, "गंमत बघा, आख्ख्या विभागाचे करार तपासतो, पण माझा स्वतःचा विमा नाही. अजून तब्येत ठणठणीत आहे म्हणा. पण उद्या मला काही झालं, तर घरचे काय करणार, देव जाणे."

चुक् चुक् चुक्.

साहेब परत येऊन खुर्चीत बसले. मी ड्रॉवर उघडून फॉर्म काढला.