बशीरभाईंचा फवारा

कापूरहोळ फाट्यावर बशीरभाईंच्या रॅम्पवर गाडी चढवली, की ती धुऊन उतरेपर्यंत माणसाला विश्वाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन यावं लागे. सुटका नसे, कारण किल्ली त्यांच्या खिशात असे. चिखलाने लडबडलेल्या मडगार्डवर प्रेशरची नळी धरून ते सुरू करत.

"ही धार बघताय न्हवं? अशीच धार निगती दीर्घिकेच्या पोटातनं. तिथं पानी न्हाई, कण. लई जोर. समजलं का? समजलंच असणार."

हे त्यांचं पालुपद. एका टेम्पोवाल्याने "नाही समजलं" म्हणायचं धाडस केलं, तर त्याचा टेम्पो पुन्हा पहिल्यापासून धुतला गेला.

या प्रकारात माझाही हात होता. मी भोरच्या शाळेत विज्ञान शिकवायचो आणि त्यांची लेक रुबीना माझी विद्यार्थिनी. ती बेंगळूरला संशोधनाला गेली. काही दीर्घिकांच्या मध्यावर अजस्र कृष्णविवर असतं, त्याच्या दोन्ही बाजूंनी फवारे सुटतात, आणि त्या फवाऱ्यांतले कण प्रकाशाच्या वेगाशी बरोबरी करू पाहतात. एवढा जोर ते आणतात कुठून, हा तिचा विषय.

एका शनिवारी बशीरभाई माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले.

"सर, लेकीचा रविवारी फोन येतो. जेवलीस का, जेवली. बरी हायेस का, बरी हाय. दोन मिंटात फोन खाली. तिची माय असती तर तासभर बोलली असती. म्या काय बोलू? तिच्या कामातला येक सवाल द्या."

मी दिला. मग दर शनिवारी देत गेलो. रविवारी ते लेकीला विचारत, आणि सोमवारपासून सगळा हायवे शिकत असे.

कणांच्या धक्क्याचा पाठ तर मी जन्मात विसरणार नाही. रॅम्पशेजारच्या धाब्याच्या टेबलावर त्यांनी बेअरिंगमधला छर्रा ठेवला. एका बाजूला लोखंडी पट्टी घेऊन मी, दुसऱ्या बाजूला धाब्याचा मालक.

"दोघं पट्ट्या हळूहळू जवळ आणा. छर्रा हिकडं आपटंल, तिकडं आपटंल. दर टोल्याला जोर वाढतो. फवाऱ्यात कणाचं हेच व्हतं."

जोर वाढला. छर्रा उसळला आणि सरपंचांच्या जीपची काच तडकली.

बशीरभाई शांत. "बघा, निसटला. तिथंबी असाच निसटतो."

"आणि माझी काच?" सरपंच म्हणाले.

"काच म्या बसवतो. पर तुमी साक्षीदार हाय, ध्यानात ठेवा."

पुढे सरपंचच तो प्रसंग लोकांना रंगवून सांगू लागले, छर्ऱ्यासकट आणि कृष्णविवरासकट. एवढी वर्षं वर्गात खडू झिजवून मला असा एक विद्यार्थी मिळाला नव्हता.

अशी चार-पाच वर्षं गेली. एका रविवारी माझी स्कूटर साबणात असताना दहाच्या ठोक्याला रॅम्पलगतच्या खोपटातला फोन वाजला. बशीरभाईंनी नळी बंद केली, हात पुसले.

"मिळाली डिग्री? माशाल्ला." रिसीव्हर छातीशी धरून ते धाब्याकडे वळले. "डाक्टर झाली. सुईचा न्हवं, आभाळाचा डाक्टर."

सरपंचांनी सगळ्यांना चहा सांगितला. बशीरभाईंची मान एवढी ताठ मी कधी पाहिली नव्हती.

त्यांनी पुन्हा फोन कानाला लावला. पलीकडून बहुधा "ठेवते, अब्बा" आलं असावं. त्यांनी आमच्याकडे पाठ केली. फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत, जो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता त्या आवाजात म्हणाले,

"थांब की जरा. ते धक्क्याचं सांगितलं व्हतंस ना, कण मदी सापडतो ते... ते मला काय अजून समजलं न्हाई, बेटा. पयल्यापासनं सांग."

रॅम्पवर स्कूटरवरचा साबण वाळत चालला होता. किल्ली त्यांच्या खिशात होती. मी अजून एक चहा सांगितला.