फोटोंची सुरक्षा-चाचणी

कॉम्प्युटर चालू केला की आतून खडे दळल्यासारखा आवाज यायला लागला, तेव्हा लिफ्ट-तपासनीसांनी हातातला चहा खाली ठेवला. दुसऱ्या कोणी डब्याला एक थापड मारून विषय संपवला असता. पण ज्याची उभी हयात लिफ्टचे दोर आणि ब्रेक तपासण्यात गेली, त्याला असल्या आवाजाचा अर्थ कळतो.

"हा जाणार," ते बायकोला म्हणाले. "आज नाही तर उद्या. आणि लग्नापासूनचे सगळे फोटो याच्या पोटात आहेत."

"मग काढून ठेवा ना दुसरीकडे." बायकोचं चष्म्याचं दुकान होतं आणि ती ते उघडायला निघाली होती. "आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मला अल्बम करायचाय. हल्ली तिला फोटो दाखवल्याशिवाय काही आठवत नाही."

"एकाच ठिकाणी ठेवून भागत नाही. लिफ्ट कधी एका दोरावर टांगतात का? एक प्रत घरात, एक माझ्या ऑफिसच्या कपाटात, एक तुझ्या बहिणीकडे. मग आग लागो, पूर येवो, दरोडा पडो..."

"सकाळी सकाळी नका हो असलं बोलू!" म्हणत बायको निघून गेली.

तपासनीसांनी त्याच दिवशी दोन हार्ड डिस्क आणल्या. समोरच्या पडद्यावर 'फोटो' नावाचं फोल्डर होतं. ते त्यांनी एका डिस्कवर टाकलं, मग दुसरीवर. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं. विज्ञान कुठल्या कुठे गेलंय, याचं त्यांना कौतुक वाटलं. एक डिस्क ऑफिसच्या कपाटात गेली. दुसरी मेहुणीकडे पोचली आणि तिने ती लोकरीच्या कपड्यांखाली ठेवली.

पण नुसती व्यवस्था करून थांबेल तो तपासनीस कसला? सुट्टीच्या दिवशी त्यांनी ऑफिसातली डिस्क घरी आणली आणि बायकोला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"आता चाचणी. इथले सगळे फोटो मी पुसून टाकणार आणि डिस्कवरून परत आणणार."

"पुसायचे कशाला? आहेत तर आहेत."

"अगं, दोर तुटल्यावर ब्रेक लागतो का, हे बघायचं तर दोर सोडावाच लागतो."

"सोडा ना. पण आत माणसं बसलेली असताना सोडता का?"

प्रश्न बिनतोड होता, पण तोवर कॉम्प्युटरच्या पोटात शोधून शोधून फोटो फोल्डरसकट पुसून झाले होते. पडद्यावरची कचऱ्याची टोपलीही तपासनीसांनी कर्तव्यबुद्धीने रिकामी केली. मग डिस्क जोडली. फोल्डर दिसलं. त्याच्या कोपऱ्यात एक छोटासा वाकडा बाण होता. ते उघडायला गेल्यावर पाटी आली: 'मूळ फोल्डर सापडत नाही.'

तपासनीसांनी पाटी पुन्हा वाचली, आणि सगळा प्रकार त्यांच्या हळूहळू ध्यानात आला. पडद्यावर होता तो नुसता शॉर्टकट होता. म्हणजे त्यांनी घर हलवलंच नव्हतं, घराचा पत्ता तेवढा दोन ठिकाणी नेऊन ठेवला होता. आणि घर आत्ताच पाडलं होतं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"तुझ्या बहिणीकडची आणू या का?" तपासनीस क्षीण आवाजात म्हणाले.

मेहुणीकडे कपड्यांचा ढीग उपसून डिस्क निघाली. तिच्यावरही तोच बाण. "मी हातसुद्धा लावला नाही हं, भावोजी!" मेहुणी आधीच म्हणाली.

घरी येऊन तपासनीसांनी गेलेले फोटो परत आणणारे जे जे प्रोग्राम मिळाले ते ते त्याच कॉम्प्युटरवर भरले. ते जाऊन बसले नेमके फोटोंच्या जागेवर. शेवटी दुरुस्तीवाल्याने हाती लागलं तेवढं काढून दिलं. बहुतेक फोटोंची वरची पट्टी तेवढी वाचली होती. छत, आकाश, आणि खाली नातेवाइकांचे भांग.

"आता आईला काय दाखवू मी? केस?" बायको म्हणाली.

तपासनीस रात्रभर तळमळले असतील, पण सकाळी ते बूट घालून, वायर आणि डिस्क पिशवीत टाकून उभे होते. "अल्बम होणार," ते म्हणाले. "प्रत्येकाच्या फोनमध्ये काही ना काही असेलच. मी एकेकाचं घर गाठतो."

आणि त्यांनी गाठलं. साडूने बसल्या बैठकीला फोन हवाली केला. थोरली चुलतमेहुणी म्हणाली, "माझे फोटो हलतात हो." तिचे हललेलेही घेतले. मामेसासरे फोन छातीशी धरून बसले. "खासगी असतं माणसाचं काही," ते म्हणाले. पुष्कळ मिनतवारीनंतर कळलं, की डॉक्टरांना दाखवायला काढलेले ते त्यांच्याच टकलाचे फोटो होते. तपासनीसांनी ते तेवढे वगळले. बाकीचा प्रत्येक फोटो जागेवरच उघडून बघितला, मगच पुढचं दार वाजवलं.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी अल्बम छापून आला. वाढदिवसाला मेहुणीच्या घरी सगळे जमले. सासूबाईंनी चष्मा पुसला आणि पानं उलटायला सुरुवात केली. बायको शेजारी बसली होती.

"हे आपलं जुनं अंगण," सासूबाई म्हणाल्या. "हा समुद्र. मी पाण्यात उतरले होते, नाही गं? आणि हे कोण?"

बायकोने वाकून पाहिलं. समुद्रासमोर सगळी मंडळी ओळीने उभी होती. अलीकडच्या कोपऱ्यात एक गृहस्थ, पाय फाकवून, कमरेत वाकून, कॅमेरा डोळ्याला लावून त्यांचा फोटो काढत होते. बघणाऱ्याकडे पाठ, किंबहुना पाठीच्याही खालचा भाग.

"हे जावई तुझे."

सासूबाईंनी पुढचं पान उलटलं. तिथेही जावई. कुठे स्टुलावर चढलेले, कुठे गुडघ्यावर बसलेले, कुठे झुडपात शिरलेले. हललेल्या फोटोंमध्ये तर दोन-दोन जावई.

"म्हणजे हे येत होते?" सासूबाईंनी विचारलं.

"प्रत्येक वेळी, आई."

"अगं बाई! तुम्ही दाखवायचात त्या एकाही फोटोत हे नसायचे. मी आपली सगळ्यांना सांगत आले, थोरल्या जावयांना आमच्याकडचं वावडं आहे म्हणून."

खोलीत कोणाला हसू आवरेना. तपासनीस सगळ्यांचा फोटो घ्यायला कॅमेरा घेऊन मागे मागे सरकू लागले.

"ठेवा तो खाली," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी आपल्या शेजारची उशी थोपटली. "इथे बसा माझ्याजवळ. आणि जरा तोंड इकडे करा. ती बाजू बघून झाली माझी."