लडकू मास्तरांचा डावा पाय

खारबावच्या लडकू मास्तरांना नातीच्या हळदीत नाच बसवायचा होता आणि स्वतःही नाचायचे होते. त्यासाठी त्यांनी नमुना क्रमांक सात रीतसर भरून दिला. इथवर या प्रकरणात कोणाचीही चूक नाही, हे मी आधीच नमूद करतो.

नमुना सात आला कुठून, तेही सांगतो. दोन वर्षांमागे वज्रेश्वरीकडच्या एका हळदीत दोन मेहुणे नाचता नाचता एकमेकांवर आपटले. एकाने उजवीकडे गिरकी घेतली होती, दुसऱ्याने डावीकडे. दोघांची नाके फुटली. पाहुण्यांनी समोरच्या ताटातली हळद उचलून नाकांना लावली आणि नाच पुढे चालू ठेवला. पण वर कुठेतरी चौकशी नेमली गेली. एकशे बारा पानांच्या अहवालाचा निष्कर्ष असा निघाला की, तालुक्यातल्या नाचाला शिस्त नाही.

मग नृत्यशिस्त कक्ष स्थापन झाला. कक्षाने एकवीस पदन्यास प्रमाणित केले आणि मांडवात नाचणाऱ्याजवळ नमुना सात भरून मिळवलेला दाखला असावा, असे ठरवले. नाच बसवणाऱ्याजवळ तर असावाच. धवळे गाऊन लग्न लावणाऱ्या ठकुबाईला गाणी तीन प्रतींत सादर करायला सांगण्यात आले. तिला लिहिता येत नाही. ती कक्षात जाऊन बसली आणि सगळी गाणी तीनदा म्हणाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कर्मचाऱ्यांनीच तिला कायमची सूट देऊन टाकली.

लडकू मास्तरांना सूट नव्हती. कारण त्यांचा धंदाच नाचाचा.

मास्तर आता चौऱ्याऐंशीचे. ऐन विशीत ते भिवंडीत लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवत. बारा तासांची ड्युटी, चार लूम, आणि चारांचा ठेका चार तऱ्हेचा. एकदा शेठने त्यांना मुंबईच्या एका स्टुडिओत नायिकेच्या घागऱ्याचे कापड पोचवायला धाडले. घागरा एवढ्या घेराचा होता की तागा उलगडून संपेपर्यंत नायिकेचे दुसऱ्या सिनेमात लग्न होऊन गेले, असे मास्तर सांगत. मी त्यातले निम्मे धरतो. कापड खांद्यावर घेऊन उभे असताना त्यांचे पाय सवयीने चालत राहिले होते. तिथल्या डान्स मास्तरांनी ते पाय पाहिले आणि तागा खाली ठेवायला लावून त्यांना नाचणाऱ्यांच्या चौथ्या रांगेत उभे केले.

चौथ्या रांगेतून तिसऱ्या रांगेत यायला त्यांना नऊ वर्षे लागली. सरकारी खात्याच्या मानाने ही बढती झटपटच म्हणायची. त्या रंगीत गाण्यांच्या दिवसांत ते नायकामागे होडीत नाचले, कापसाच्या बर्फात नाचले, एकदा तर विमानाच्या पंखावर नाचले आणि वाऱ्याने धोतर गेले तरी ताल जाऊ दिला नाही. पुढे ते सहायक झाले, मग स्वतः नाच बसवू लागले.

त्यांची सगळ्यांत गाजलेली चाल म्हणजे धोटा-चाल. मागातला धोटा जसा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकतो, तसे दोन्ही पाय जमिनीवरून न उचलता सरकवायचे, एवढीच ती. चित्रीकरणाच्या दिवशी एक नाचणारा तापाने आला नाही, म्हणून फेटा बांधून मास्तर स्वतःच तिसऱ्या रांगेत उभे राहिले. आणि त्याच दिवशी नायकाचा नवा बूट डाव्या टाचेला चावला. मागचे चाळीस जण पाय सरकवत होते आणि पुढे नायक दर फेऱ्याला डावा पाय उचलून लंगडत होता. उन्हं उतरत चालली होती. दिग्दर्शक म्हणाले, चालेल.

चालले. चाळीस आठवडे चालले. प्रेक्षक मागच्या चाळिसांकडे बघत नाहीत. पंधरवड्यात गावोगावचे तरणे पोरगे लंगडू लागले. डाव्या टाचेला खिळा वर काढून दे, अशी मागणी चांभारांकडे होऊ लागली म्हणतात.

पुढे सिनेमातली रांगच मोडली, आणि मास्तर खारबावला परतले. गेली चाळीस वर्षे ते हळदीचे नाच बसवत आले आहेत. बिदागी म्हणून नारळ आणि टॉवेल-टोपी. त्यांच्या घरात टोप्या एवढ्या झाल्या की पावसाळ्यात गळतीखाली भांडी मांडायची गरज उरली नाही.

करिष्मा ही त्यांची एकुलती नात. तिच्या वडिलांची टेमघरला गोदामे आहेत आणि माणकोलीच्या हॉलमध्ये तयार नाचणारे मिळतात, दाखल्यासकट. धनेशने, म्हणजे तिच्या वडिलांनी, तसे सुचवूनही पाहिले. करिष्माने चहाचा कप खाली ठेवला.

"आजा नाच बसवंल," ती म्हणाली. "नायतर मी पाटावर बसाची न्हाय."

हळदीला दोन महिने होते.

कक्षात हरेशभाऊ नावाचे लिपिक बसत. माणूस अत्यंत अदबशीर. मास्तरांनी आठ वर्षांपूर्वी त्यांच्याही हळदीचा नाच बसवला होता, त्यामुळे हरेशभाऊ उभे राहिले, पाया पडले, चहा मागवला आणि मग अर्जात त्रुटी काढली. 'नृत्याचे शिक्षण कोणाकडे घेतले' या रकान्यात मास्तरांनी 'लुमाकडे' असे लिहिले होते. लुमाची सही आणि शिक्का कुठे आहे, असे हरेशभाऊंनी विचारले. मास्तर म्हणाले, तो कारखाना कवाच मोडला, लूम भंगारात गेले. हरेशभाऊंनी हळहळ व्यक्त केली आणि त्या रकान्यात 'गुरू दिवंगत' असे लिहून घेतले. आता फक्त परीक्षा उरली होती.

परीक्षा एका रिकाम्या गोदामात झाली. परीक्षक होत्या मृणाली मॅडम. वय सव्वीस, नृत्यशिस्तीतली पदविका, स्वभावाने गोड. त्यांनी मास्तरांना बसायला खोका दिला, पाणी दिले. एकवीसपैकी तेरा पदन्यास मास्तरांनी असे केले की गोदामाचे हमाल माल टाकून दाराशी जमले. मग चौदावा आला. अभ्यासक्रमात त्याचे नाव होते 'धोटा-चाल, डावा पाय लंगडता'.

मास्तरांनी दोन्ही पाय सरकवले. एखाद्याने पाण्यावरून हात फिरवावा तसे.

मृणाली मॅडमनी शून्य लिहिले, पण फार वाईट वाटून लिहिले.

"आजोबा, डावा पाय उचलायचा असतो."

"उचलाचा न्हाय पोरी. त्याचा बूट चावत व्हता."

"असं अभ्यासक्रमात नाहीये."

"ती चाल मीच बसवलीय."

मॅडमनी सौम्यपणे मान हलवली. असे म्हणणारे या महिन्यातले ते तिसरे उमेदवार होते. तरी त्यांनी मोबाइलवर ते गाणे लावले, न्याय व्हावा म्हणून. मास्तरांनी बोट पडद्यावर ठेवले.

"तिसरी रांग. फेटेवाला. तो मी."

मॅडमनी चित्र मोठे केले. फेट्याखालचा चेहरा पाहिला, समोरचा चेहरा पाहिला, आणि त्यांचे डोळे चमकले.

"खरंच तुम्ही आहात की." मग त्यांनी पुन्हा पायांकडे पाहिले. "पण इथेही तुम्ही चुकलाच आहात."

ओळख पटवायला आणलेला पुरावा अशा रीतीने दोषारोपपत्राला जोडला गेला. अपील समितीने तो तीन वेळा पाहून निर्णय दिला की, अर्जदार पन्नासहून अधिक वर्षे तीच चूक सातत्याने करत आला असून मागचे एकोणचाळीस जण त्याच्याच नादाने बिघडलेले दिसतात. तथापि वयाचा विचार करता त्याला सुधारण्याची एक संधी देण्यात येत आहे.

मास्तर लंगडायला शिकू लागले. अंगणात सकाळ-संध्याकाळ. करिष्मा समोर बसून ठेका धरी. चौऱ्याऐंशी वर्षांचे धडधाकट पाय, त्यांना लंगडणे काही केल्या येईना. पाय उचलला की ताल सुटे, आणि ताल धरला की पाय आपसूक सरके. करिष्माला वाईट वाटू लागले. नको नाचू आजा, ती एकदा म्हणाली. मास्तर म्हणाले, तुझ्या बापाच्या हळदीला नाचलो, तुझ्याला बसून ऱ्हाऊ?

हळदीला आठ दिवस उरले तेव्हा त्यांनी उपाय काढला. डाव्या चपलेत चांगला आवळ्याएवढा खडा घातला आणि गोदामात गेले. या वेळी लंगडणे असे उतरले की मृणाली मॅडमनी टाळ्या वाजवल्या. दहापैकी दहा. चपलेतून थोडे रक्त आले, म्हणून नियमाप्रमाणे वैद्यकीय तपासणी झाली. डॉक्टरांनी शेरा दिला की, सदर इसम डाव्या पायाने लंगडतो, सबब नाचण्यास अपात्र.

हरेशभाऊंच्या डोळ्यांत पाणी आले. परीक्षा उत्तीर्ण आणि उमेदवार अपात्र, अशी फाइल त्यांनी याआधी पाहिली नव्हती. मास्तरांचे ऋण स्मरून त्यांनी सुट्टीच्या दिवशी कक्ष उघडला, सगळे परिशिष्ट पालथे घातले आणि एक दाखला शोधून काढलाच. अनुभवी प्रेक्षक, श्रेणी ब. धारकास मांडवात बसून मान हलवण्यास हरकत नसावी. दाखला लॅमिनेट करून त्यांनी स्वतः खारबावला आणून दिला आणि जाताना पुन्हा पाया पडले.

मास्तरांनी दाखला खिडकीत ठेवला. मग करिष्माच्या मैत्रिणींना अंगणात बोलावले आणि उरलेल्या चार दिवसांत नाच बसवून टाकला, पाय न उचलता. पकडले तर पकडले, म्हणाले.

हळद लागली. खारबावच्या मैदानात मांडव पडला, बँजो वाजू लागला. कक्षाचे तपासनीस येणार म्हणून धनेशने पुढची एक खुर्ची राखून ठेवली होती. पण त्या दिवशी तपासनीस आलेच नाहीत. त्यांच्याही घरी हळद होती. सबंध मांडवात कक्षाचा एकही माणूस नव्हता, मी दोनदा मोजून खात्री केली. मास्तरांना अडवणारे या पृथ्वीवर त्या क्षणी कोणी नव्हते.

मैत्रिणींच्या रांगा सरकू लागल्या तसे मास्तर उठले. खडा नाही, चप्पल नाही, अनवाणी. दोन्ही पाय जमिनीवरून असे निघाले की बँजोवाल्याने वाजवता वाजवता मान वर काढली. करिष्मा पाटावर हळदीने माखून बसली होती. तिला उठता येत नव्हते. तिच्या आणि आजाच्या मधे सगळे मोबाइल उभे राहिले होते, तेवढ्या भिंतीतून तिला मास्तरांची फक्त टोपी दिसत होती. ती दोनदा म्हणाली, बाजूला व्हा ना, मला आजा बघू दे. बँजोपुढे ते कोणाला ऐकू गेले नाही.

मास्तर सरकत सरकत अगदी तिच्यासमोर आले. दोन पावले उरली होती.

तेवढ्यात तुम्ही, हो, तुम्हीच, मोबाइल जरा खाली घेतलात आणि अत्यंत आदराने म्हणालात, "काका, जरा बाजूला होता का? नवरी दिसत नाहीये."

मास्तर लगेच बाजूला झाले. राखीव खुर्ची रिकामीच होती, तिच्यात बसले आणि मान हलवू लागले.

व्हिडिओ छान आलाय तुमचा. मी दोनदा पाहिला.